सांगलीच्या आमराईत पक्षी बघायचेत? मग आधी एका जागी बसायला शिका

ऑफिसातल्या एका पोरानं परवा नवीन कॅमेरा घेतला आणि मला विचारायला आला, दादा, पक्ष्यांच्या फोटोला कुठं जाऊ, चांदोली का दांडेली? म्हटलं बाबा, आधी आपल्या सांगलीतल्या आमराई बागेत जा. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. "आमराईत काय असतंय दादा, कावळे आणि जोडपी."

चार वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणालो असतो. पहिल्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून आमराईत दीड तास नुसता गरगर फिरलो, साडेतीनशे फोटो काढले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं तर तीनशेच्या वर नुसत्या शेपट्या, पानं आणि रिकाम्या फांद्या. बायको म्हणाली, झाडांचे फोटो छान आलेत. तेव्हा कुणी समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझं एक वर्ष वाचलं असतं, म्हणून हे लिहितोय. सांगलीतल्या माणसाला डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय, पण सातारा, मिरज, इस्लामपूर, कुठल्याही गावात जुनी झाडं असलेली बाग असेल तर यातलं बरंचसं तिथंही चालेल.

१) आधी दुर्बीण, मग कॅमेरा

सगळे उलटं करतात. मी पण केलं. कॅमेरा हातात असला की माणूस बघत नाही, नुसता टिपायच्या मागं लागतो. पहिले दोन महिने फक्त दुर्बीण वापरा, पक्षी कसा बसतो, कधी उडतो, उडायच्या आधी काय करतो हे एकदा डोळ्यात बसलं की फोटो आपोआप सुधारतात.

दुर्बीण घेताना तिच्यावरचे आकडे बघा. ८x४२ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बागेसाठी ८x४२ किंवा ८x४० सगळ्यात बरी. १० पटीची पण चांगली असते, पण हात हलला की सगळं हलतं आणि नवीन माणसाला पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. ऑनलाइन १०० पट, २०० पट असल्या जाहिराती दिसतात तिकडं अजिबात जाऊ नका, ती खेळणी आहेत. आठ-दहा हजारांच्या आत नावाजलेल्या कंपनीची साधी दुर्बीण मिळते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. एक लक्षात ठेवा, दुर्बिणीतून चुकूनही सूर्याकडं बघायचं नाही, लहान पोरं सोबत असतील तर त्यांना हे दहा वेळा सांगा.

सोबत काय न्यायचं:

- दुर्बीण, आणि दोन महिन्यांनी कॅमेरा
- छोटी वही आणि पेन्सिल (मोबाईलची बॅटरी संपते, पेन्सिलीची नाही)
- पाण्याची बाटली, टोपी, डासांचं मलम. आमराईच्या सावलीत डास लई वाईट
- आधार कार्डाची झेरॉक्स किंवा ऑफिसचं ओळखपत्र, आणि कॅमेऱ्याच्या बिलाचा मोबाईलमध्ये फोटो. का ते पुढं सांगतो
- कपडे मळकट रंगाचे. पांढराशुभ्र शर्ट घालून गेलात तर पक्षी लांबूनच बघून घेतात

२) कधी जायचं

सकाळी. थंडीत सात-सव्वासातला पोचा, साडेनऊपर्यंत खेळ संपतो. उन्हाळ्यात सहालाच हजर. दुपारी जाऊ नका, पक्षी पण झोपा काढतात आणि फोटोत नुसता कडक उजेड येतो. संध्याकाळी पाचनंतर परत बरं असतं पण तेव्हा बागेत पोरंसोरं, आरडाओरडा, सगळंच.

महिन्यांचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च सोन्यासारखा काळ. स्थानिक मंडळी असतातच, बाहेरचे पाहुणे पण आलेले असतात. हळद्या, धोबी, पानापानात टुणटुण करणारे बारके वटवटे, लाल गळ्याची ती माशीमार. आणि भोरड्या! आपल्याकडं द्राक्ष आणि ज्वारीवाले शेतकरी त्यांना शिव्या घालतात, पण मध्य आशियातनं हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या त्या गुलाबी-काळ्या पाखरांचा थवा संध्याकाळी आभाळात एकदम वळतो, फुटतो, परत जुळतो ते एकदा बघाच. फोटोत ते येत नाही, व्हिडिओत थोडंफार येतं.

पावसाळ्यात बाग हिरवीगार पण पक्षी पानात लपलेले. तेव्हा फुलपाखरं आणि कोळी बघा, त्यासाठी मोबाईल पण चालतो.

३) एक झाड धरा आणि बसा

बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा.

मी आमराईत गरगर फिरायचो तेव्हा एका बाकावर रोज एक काका बसलेले असायचे, एसटीतून रिटायर झालेले, हातात ना दुर्बीण ना कॅमेरा. चार-पाच दिवस त्यांनी माझा तमाशा बघितला आणि एक दिवस म्हणाले, "अहो, बसा की जरा. पाखरू काय तुमच्या मागं येतंय होय? तुम्ही हालला की ते हालतंय." मी बसलो. त्यांनी समोरच्या उंबराकडं बोट केलं आणि म्हणाले, अर्धा तास इथनं हलायचं नाही.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एक खार खाली आली. मग बुलबुलाची जोडी. मग वरच्या वाळक्या फांदीवर काहीतरी बारकं, चिमणीएवढं, जाडजूड, हिरवं, मी म्हटलं पोपटाचं पिल्लू का काय. दुर्बीण लावली तर कपाळावर लालभडक ठिपका, गळ्याखाली तसाच लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं, चोचीच्या बुडाला मिशा फुटल्यासारखे राठ केस. तांबट! लहानपणापासून उन्हाळ्यात टुक टुक टुक आवाज ऐकत आलो होतो, भांडी ठोकल्यासारखा, आणि चाळीस वर्षांत तो करणारा कोण ते कधी बघितलं नव्हतं. तो त्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला असलेल्या भोकात शिरला आणि थोड्या वेळानं नुसतं डोकं बाहेर काढून बसला, एखादा माणूस खिडकीत उभा राहतो तसा. ते भोक त्यानं स्वतः चोचीनं कोरलेलं असतं. म्हणून बागेतल्या वाळक्या फांद्या सरसकट छाटायला माझा विरोध आहे, डोक्यावर पडतील अशा असतील तर वेगळी गोष्ट.

अर्ध्या तासात एका झाडावर नऊ जाती मोजल्या मी. आधीच्या चार दिवसांत फिरून सहा झाल्या होत्या.

आता झाड कुठलं धरायचं. याला थोडा अभ्यास लागतो पण फार नाही:

वड, पिंपळ, उंबर यांना फळं आली की तिथं जेवणावळ असते. तांबट, कोकीळ, मैना, बुलबुल, नशीब चांगलं असेल तर राखी धनेश, आणि हरियाल. हरियाल आपला राज्यपक्षी, पण बहुतेकांनी बघितलेला नसतो कारण तो पानाच्या रंगाचा कबुतर आहे आणि गप्प बसतो. थंडीत सकाळी झाडाच्या अगदी शेंड्याला ऊन खात बसलेले असतात, पिवळे पाय दिसले की समजायचं.

काटेसावर, पांगारा, पळस. ही माझी सगळ्यात आवडती. थंडी संपता संपता यांना फुलं येतात आणि तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतंच, त्यामुळं पक्षी लपायला जागा नाही आणि मागं स्वच्छ आभाळ किंवा लाल फुलं. शिंजीर, कोतवाल, साळुंक्या, भोरड्या (त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही), खारी, सगळे मध प्यायला रांगेत. फुललेली काटेसावर सापडली की मी आठवडाभर दुसरीकडं कुठं जात नाही.

आंब्याचं झाड मात्र फसवं. आमराई म्हटलं की आंबे आलेच, सावली सुंदर, पण पानं एवढी दाट की हळद्या आत बसून शीळ घालतो आणि आपण खालून मान मोडेपर्यंत बघत बसतो. त्याला आंब्यातनं बाहेर पडून शेजारच्या उघड्या झाडावर येऊ द्या, तो येतोच.

बसताना पाठ सूर्याकडं. म्हणजे सकाळी तुम्ही पूर्वेला पाठ करून पश्चिमेकडचं झाड बघायचं. उलट्या बाजूला बसलात तर सगळे पक्षी काळे ठिपके दिसतील.

४) कान उघडे ठेवा

इअरफोन काढा. बागेतली अर्धी बातमी आवाजात असते. खार शेपटी झटकत चिक चिक चिक असं न थांबता ओरडायला लागली की ती कुणाला तरी शिव्या देतीय, मांजर, धामण नाहीतर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी). ती ज्या दिशेला तोंड करून ओरडतीय तिकडं बघा. तसंच कावळे किंवा कोतवाल एका ढोलीभोवती गोंधळ घालायला लागले की आत पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, असण्याची शक्यता दाट. मला आजवर दिसलेल्या पिंगळ्यांपैकी निम्मे कावळ्यांनी दाखवलेत.

भारद्वाज आवाजानं मोठा, घुप घुप घुप, आणि चालतो मात्र झुडपाखालनं चोरासारखा. दिसला की शुभ मानतात आपल्याकडं, त्यामुळं बागेत कुणाला दाखवला की लोक एकदम खूश होऊन नमस्कार करतात.

५) नाव कसं शोधायचं

पहिल्या महिन्यात मी एकदा धावत काकांकडं गेलो, काका, काहीतरी दुर्मिळ सापडलं! तपकिरी अंग, त्यावर सगळीकडं पांढरे ठिपके, लाल डोळा, लांब शेपूट. फोटो पण भारी आला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर 'सांगलीत दुर्मिळ पक्षी' म्हणून टाकला सुद्धा. काका फोटो बघून हसायला लागले. "कोकिळेची मादी हाय ती." काळा असतो तो नर, आणि कुहू कुहू ओरडतो तो पण नरच. तो मेसेज डिलीट करायची वेळ पण निघून गेली होती.

तर पहिली सवय, दुर्मिळ वाटलं की आधी साधी शक्यता तपासा. मादी असेल, पिल्लू असेल, नाहीतर अंघोळ करून भिजलेली साळुंकी असेल. भिजलेली साळुंकी कशीही दिसते.

वहीत पक्ष्याचं नाव नंतर लिहा, आधी चार गोष्टी लिहा: आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा का घारीएवढा), चोच कशी, शेपूट केवढी, आणि करत काय होता. रंग शेवटी, उजेडात रंग फसवतो.

मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. भारताचा पॅक आधी घरच्या वायफायवर उतरवून घ्या. फोटो दिला की नाव सुचवतं, आवाज ऐकून पण सुचवतं. पण आवाजावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कोतवाल दुसऱ्यांची नक्कल करण्यात उस्ताद आहे आणि अ‍ॅप पण फसतं. दिसल्याशिवाय यादीत धरायचं नाही असा माझा नियम.

नावं मराठीत पण शिका ही माझी हौस. शिंपी, सुगरण, धोबी, सुतार, तांबट, कोतवाल, अख्खं बलुतेदार गाव बसलंय झाडावर.

६) आता कॅमेरा

मोबाईल असेल तर सरळ सांगतो, झाडावरच्या पक्ष्याचा नाद सोडा. झूम करून काढलेला फोटो म्हणजे नुसता चिखल. खारी, सरडे, फुलपाखरं, कोळी, बाकाजवळ येणाऱ्या साळुंक्या यांचे सुंदर येतात. काच पुसा आधी, खिशात राहून तेलकट झालेली असते. दुर्बिणीच्या डोळ्याला मोबाईल लावून पण फोटो निघतो, सुरुवातीला जमत नाही, आठ दिवसांत जमतं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स अंगातच बसवलेला), किंवा साधी डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स. सेकंडहँड घेताना लेन्स टॉर्चच्या उजेडात धरून आतनं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी पटकन धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवायचा. कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवला की संपला.

सेटिंग. ऑटोवर ठेवू नका, एवढ्या एका कारणानं माझे पहिले साडेतीनशे गेले. सावलीत कॅमेरा आपला आपण शटर १/६० करतो, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडा राहतो, आणि पक्षी एका जागी अर्धा सेकंद टिकत नाही. डायल शटर प्रायॉरिटीवर न्या (कॅननवर टीव्ही लिहिलेलं असतं, निकॉनवर एस) आणि:

- बसलेल्या पक्ष्याला १/५०० पासून सुरुवात. अगदी गप्प बसलेला पिंगळा असेल तर १/२५० चालतं, पण ३०० एमएमवर हात हलतोच, तेव्हा १/३०० च्या खाली जाताना टेकू घ्या
- शिंजिरासारख्या चुळबुळ्यांना १/१०००
- उडत्याला १/१६०० किंवा वर

आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो करा आणि वरची मर्यादा ३२०० द्या. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटो मित्रांना दाखवता येतो, हललेला नाही.

फोकस सतत चालू राहणारा घ्या (एआय सर्व्हो किंवा एएफ-सी) आणि फोकसचा ठिपका एकच, मधला. सगळे ठिपके चालू ठेवले की कॅमेरा पुढच्या पानाला पकडतो आणि मागं बसलेला पक्षी धूसर. ठिपका पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा स्वच्छ आला तर शेपटी पुसट असली तरी फोटो चालतो.

मागं उजळ आभाळ असलेला पक्षी काळाठिक्कर येतो, तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं बटण) अधिक एक करा. उलट गर्द हिरव्यासमोर पांढरा बगळा असेल तर उणे अर्धा-एक, नाहीतर पिसं सगळी पांढरी फटक. हे बटण कुठं आहे ते घरी बसून शोधून ठेवा. बागेत शोधत बसलात तर पक्षी कंटाळून जातो.

फ्लॅश बंद. पक्ष्यावर फ्लॅश मारायचा नाही, पिंगळ्यावर तर अजिबातच नाही.

आणि खाली बसा. साळुंकी, टिटवी, खार, जमिनीवर असेल तर तुम्ही पण जमिनीवर. उभं राहून वरनं काढलेला फोटो पासपोर्टच्या झेरॉक्ससारखा दिसतो. पँटला माती लागते, लागू दे.

७) माणसांना सांभाळा

पक्ष्यांपेक्षा हे अवघड आहे आणि कुणी सांगत नाही.

एका बागेत, नाव घेत नाही, मी वॉकिंग ट्रॅकच्या कडेला झुडपातल्या शिंपी पक्ष्याकडं लेन्स लावून बसलो होतो. झुडपाच्या मागनं बायकांचा ग्रुप चालत आला. माझं लक्ष शिंप्यावर, त्यांचं माझ्यावर. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला एक ताई समोरच येऊन उभ्या राहिल्या, "ओ दादा, कुणाचे फोटो काढायलाय?" मी घाबरून कॅमेराच त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक फोटो बघितला, पानं, पानं, पानं, अर्धा शिंपी, पानं. मग हसल्या. म्हणाल्या, एवढ्या वेळात एवढंच? पण त्यांचं विचारणं बरोबर होतं, अनोळखी माणूस लांब लेन्स घेऊन झुडपात बसला तर कुणालाही शंका येणारच.

म्हणून ट्रॅककडं, झोपाळ्यांकडं, योगावाल्यांकडं लेन्स कधीच नाही. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांकडं दुर्बीण नाही. कुणी विचारलं तर चिडायचं नाही, फोटो दाखवायचे, जमलं तर दुर्बीण हातात देऊन एखादा तांबट दाखवायचा. आज त्याच ग्रुपमधल्या दोघी मला सांगतात, दादा, मागच्या कोपऱ्यात पिंगळा बसलाय.

वॉचमनला पहिल्याच दिवशी भेटा, नाव सांगा, काय करता ते सांगा. ओळखपत्राची झेरॉक्स आणि बिलाचा फोटो इथं उपयोगी पडतो. हौशी माणसाला हातात कॅमेरा घेऊन फिरायला सहसा कुणी अडवत नाही, पण ट्रायपॉड मांडला की शूटिंग वाटतं आणि विचारणा सुरू होते. ग्रुपनं जाणार असाल, शाळेची पोरं नेणार असाल किंवा ट्रायपॉड लावणार असाल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला साधा अर्ज द्या: कोण, किती जण, कुठल्या तारखेला, किती वाजता, कशासाठी. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली की अर्ज दिलाच नाही असं धरतात, हे अनुभवाचे बोल. ड्रोन बागेत आणूच नका, परवानग्यांची भानगड वेगळी आणि घारी अंगावर येतात ते वेगळं.

८) या गोष्टी करायच्या नाहीत

घरट्याचे फोटो काढायचे नाहीत. मला माहितीय सगळे काढतात. पण आपण घरट्याजवळ उभे राहिलो की कावळा वरनं बघत असतो, आपण गेलो की तो जातो आणि अंडी साफ. फोटोच्या आड येतात म्हणून घरट्यापुढची पानं तोडणारे महाभाग पण बघितलेत मी. ती पानं म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

पिंगळ्याची ढोली, धनेशाची ढोली यांचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन आत बसते, एक बारीक फट ठेवते आणि नर त्या फटीतनं तिला आणि पिल्लांना खायला देतो. खाली वीस जण कॅमेरे घेऊन उभे राहिले तर तो जवळ यायला बिचकतो.

भडंग टाकायचा नाही. सांगलीत राहून हे सांगणं जिवावर येतंय, पण तेल-मीठ-तिखट लावलेले चुरमुरे खारीला काय उपयोगाचे? आपण खा, पुडी खिशात टाका.

पालापाचोळ्यात, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. साप दिसला तर लांबनं बघा, पकडायच्या फंदात पडू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा पण आहे.

९) आमराई झाली की नदी

दोन-तीन महिन्यांनी कृष्णाकाठी जा. घाटावर बसून पाणकावळे पंख पसरून वाळवताना दिसतात, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो, धोबी पायरीवर शेपूट हलवत फिरतो. उजेड मोकळा असल्यानं फोटो पण बागेपेक्षा सोपे.

पण कृष्णेत मगरी आहेत, हे नवीन माणसाला कुणीतरी नीट सांगायला पाहिजे. औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगली-हरिपूरपर्यंत. थंडीत सकाळी मळीवर (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर) ऊन खायला येतात, ओंडक्यासारख्या पडून असतात, आणि फोटोवाल्यांना नेमका तेव्हाच जवळ जायचा मोह होतो. पाण्याच्या कडेला बसायचं नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं नाही, मळीवर झाडीतनं आडवं जायचं नाही. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरनं किंवा उंच काठावरनं बघा, जेवढी दिसेल तेवढी. पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका, मगरीपेक्षा मागचा ट्रक धोक्याचा.

पावसाळ्यात नदीकडं जायचंच नाही. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकराला सांगायला नको.

त्याच्या पुढची पायरी सागरेश्वर, देवराष्ट्रेजवळ, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाला लागून. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांच्या खटपटीतनं उजाड डोंगरावर उभं राहिलेलं अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, पण सांबर, चितळ, मोर सगळं बघायला मिळतं. तिथं वनखात्याचं तिकीट असतं, कॅमेरा घेऊन जाताय हे गेटवरच सांगा आणि पावती घ्या.

१०) जखमी पक्षी सापडला तर

संक्रांतीच्या आसपास हे हमखास होतं. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी झाडाझाडावर लटकत असतो. अडकलेल्या पक्ष्याला ओढू नका, मांजा कात्रीनं कापा, पंखात रुतला असेल तर तसाच राहू द्या. बुटाचा किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्या, चार भोकं पाडा, आत जुनं फडकं, पक्षी ठेवा, झाकण लावा. अंधारात तो शांत होतो. चोचीत पाणी ओतायचं नाही, दूध तर नाहीच, श्वासात जाऊन मरतो. मग १९२६ वर फोन, ही वनखात्याची हेल्पलाइन. घरी पाळायला न्यायचा नाही, पोपट असला तरी नाही.

आणि जमिनीवर बसलेलं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं, आई वर फांदीवर बसून तुमच्या जायची वाट बघत असते.

११) घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडा. नियम साधा, डोळा स्वच्छ नाही तो डिलीट. शंभरातले पाच उरले तर दिवस चांगला गेला.

यादी ई-बर्डवर टाका, हे पण कॉर्नेलचंच, फुकट. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं, कुठं, कुठली जात किती. साळुंक्या-कावळे पण लिहायचे, तुमच्या आमराईत दहा वर्षांपूर्वी चिमण्या किती होत्या हे कुणी लिहून ठेवलं असतं तर आज कळलं असतं. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, त्यात पंधरा मिनिटांची यादी पण चालते. नवीन माणसाला सुरुवात करायला हे दोन मुहूर्त चांगले.

एक राहिलंच. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी फोटो खरंच कॉपी झालेत का ते फोल्डर उघडून बघा. मला आमराईत एकदाच स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरा नर, फूटभर रिबिनीसारखी शेपटी, आठ फुटांवर, डोळ्याच्या उंचीला, ऊन बरोबर तोंडावर. अकरा फोटो काढले होते. काका शेजारी होते म्हणून, नाहीतर त्या ऑफिसातल्या पोरानं यावर पण विश्वास ठेवला नसता.